पाठून येणारी लाट: सी कयाक (समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद होडी) नवीन शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती बसवलेलं झाकण) ओढून बाहेर कसं पडायचं, उलटल्यावर कयाकमध्ये परत कसं चढायचं हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. येत नसेल तर आधी खाडीच्या शांत पाण्यात ते शिका, पण तिथल्या सर्टिफिकेटच्या भरवशावर समुद्रात जाऊ नका. मी जिथे शिकलो तिथे चारही दिवस सपाट पाणी होतं आणि शेवटी सांगितलं की आता तू तयार आहेस, त्याचा राग मला अजूनही येतो.

समोरून येणाऱ्या लाटेला सगळे घाबरतात. खरं तर ती दमवते, पण दिसते, त्यामुळे फसवत नाही. मालवणातले एक मच्छीमार काका मला आधीच म्हणाले होते, "मागसून येता ती लाट फसयता रे बाबा." मी हो म्हटलं आणि विसरलो.

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे सकाळी मतलई वारा असतो, दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो. म्हणजे दुपारी मालवणहून तारकर्ली-देवबागकडे निघालात की लाट उजव्या खांद्यामागून येते. सुरुवातीला खूप मजा वाटते, कयाक आपोआप पळते. पण हिशोब बघा, आपण वल्हवतो ताशी ६ किमीने आणि ३ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात ताशी साधारण १७ किमीने जाते, ती तुम्हाला गाठणारच. आधी शेपूट वर उचलली जाते, नाक पुढच्या खळग्यात रुततं, आणि मोकळी झालेली शेपूट डावीकडे ढकलली जाते. नाक उजवीकडे, समुद्राकडे वळतं आणि ५ मीटरची कयाक लाटेला आडवी होते. याला ब्रोच म्हणतात.

आता माझी चूक, ही नीट वाचा. नाक उजवीकडे जायला लागलं म्हणून मी पॅडल डावीकडे मागे टाकलं आणि स्टर्न रडर धरून, म्हणजे पातं शेपटीजवळ सुकाणूसारखं पाण्यात धरून, बाहेर ढकलायला लागलो. हे बरोबरच आहे, पण फक्त शेपूट उचलायला लागते त्या क्षणापर्यंत, कयाक सरळ असेपर्यंत. मी उशिरा सुरू केलं आणि वेळेवर सोडलंही नाही, जीव खाऊन ढकलत राहिलो. कयाक आडवी झाली, लाट उजवीकडे, माझं पॅडल आणि माझं वजन दोन्ही डावीकडे, किनाऱ्याच्या बाजूला. लाटेने कयाक डावीकडे ढकलली, पातं पाण्यात खाली ओढलं गेलं आणि मी त्याच्यावरूनच उलटा झालो, विचार करायलाही वेळ नव्हता.

म्हणून सांगतो, नाक वळलंच तर वळू द्या! डावीकडचं पॅडल लगेच सोडवा, उजवीकडे घ्या, लाटेच्या अंगावर लो ब्रेस टेका, म्हणजे तोल सावरायला पात्याची पाठ पाण्यावर दाबा, आणि कंबर लाटेकडे झुकवा. येणाऱ्या लाटेकडे झुकायचं हे मनाला पटत नाही, मन किनाऱ्याकडेच पळतं, पण किनाऱ्याकडे झुकलेला माणूस उलटतो. कोपर अंगाशी ठेवा, हात खांद्याच्या वर गेला की खांदा निखळू शकतो. ब्रेस घेऊन थोडं आडवं घसरत गेलात तरी काही बिघडत नाही, लाट खालून निघून जाते आणि मग आरामात सरळ करता येतं. घाबरू नका, हे जमतं.

माझ्या दोन चुका निघायच्या आधीच झाल्या होत्या. पाण्याचे कॅन मी पुढच्या हॅचमध्ये (सामान ठेवायच्या कप्प्यात) भरले, त्यामुळे नाक अजूनच रुतत होतं. पाठून लाट असेल तेव्हा वजन किंचित मागे हवं. दुसरं म्हणजे स्केग, कयाकच्या तळाला शेपटीकडे फटीतून तारेने खाली-वर होणारा छोटा पंख, तो कयाक सरळ ठेवतो. असा वारा असताना स्केग खाली हवा, मी खाली केला तर तो उतरेचना, वाळूवरून कयाक ढकलताना फटीत एक बारीक खडा अडकला होता, आणि मी जोर लावला तर तार दुमडली. आता मी स्केगच्या टोकाला दोरीचा छोटा फास बांधलाय, अडकला तर सोबतचा माणूस ओढून काढतो. एकटं जाऊ नका हे त्यातच आलं.

कर्ली नदीच्या मुखापाशी ओहोटीला जाऊ नका, उधाणाच्या दिवसांत तर नकोच. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात, लाट आखूड आणि उभी होऊन फुटते, तिथे वर लिहिलेलं काहीच पुरत नाही. निघायच्या आधी इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज बघाच. जून ते सप्टेंबर समुद्र बंद समजा.

रोलचे (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करायचे) व्हिडिओ बघत बसणारे खूप भेटतात, माझं मत विचाराल तर आधी ब्रेस, रोल नंतर. भरतीच्या वेळी, गुडघाभर लाटेत, हेल्मेट घालून, कोणीतरी पाण्यात उभं असताना मुद्दाम ब्रोच होऊ द्या, वीसेक वेळा. मी पहिल्या सात-आठ वेळा चुकीच्याच बाजूला झुकलो. नवव्या वेळी लाट लागायच्या आत पातं उजवीकडे पोचलेलं होतं.