‘फाइट फायनल’ वाचून लगेच उड्या मारू नका

क्रिकेटची सवय असलेला माणूस बॉक्सिंग फॉलो करायला लागला की पहिल्या महिन्यातच फसतो, कारण आपल्याकडे शेड्यूल लागलं की मॅच होते, पाऊस आला तरच घोळ. इथे मात्र फाइट ठरायच्या आधीच प्रमोटर (म्हणजे फाइट भरवणारा आणि विकणारा) आणि बॉक्सर इन्स्टा, एक्स, यूट्यूबवर येऊन तुम्हाला गरम करायला लागतात. ते त्यांचं कामच आहे, त्यात राग मानण्यासारखं काही नाही, फक्त वाचायचं कसं ते कळलं पाहिजे.

पहिलं म्हणजे शब्द बघा. ‘बोलणी चालू आहेत’ म्हणजे काहीच नाही. ‘तत्त्वतः ठरलंय’ म्हणजे पण जवळजवळ काहीच नाही. जून 2020 मध्ये ब्रिटिश हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीने व्हिडिओ टाकून सांगितलं की तिकडच्याच अँथनी जोशुआबरोबर दोन फाइट ठरल्या. मग मे 2021 मध्ये परत व्हिडिओ, 14 ऑगस्ट, सौदी अरेबिया, शंभर टक्के पक्कं. लगेच दुसऱ्या दिवशी अमेरिकेत लवादाचा निकाल आला की आधी अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरबरोबर तिसरी फाइट कर, आणि जोशुआचं बारगळलं. तेव्हा तारीख, हॉल आणि तिकीटविक्री ह्या तीन गोष्टी दोन्ही बाजूंच्या अकाउंटवर सारख्याच दिसल्या तरच ग्रुपवर फॉरवर्ड करा, नाहीतर मित्र वर्षभर खेचतात (अनुभव आहे).

दुसरं, फॉलोअर्स म्हणजे रँकिंग नाही. अमेरिकन बॉक्सर रायन गार्सियाने इन्स्टावर हातांच्या स्पीडचे व्हिडिओ टाकून प्रचंड पब्लिक जमवलं, एप्रिल 2023 ला लास व्हेगासमध्ये जर्वोंटा डेव्हिसविरुद्ध 12 लाखांच्या आसपास पे-पर-व्ह्यू (म्हणजे त्या एका शोचे वेगळे पैसे भरून घरी बघणं) विकले गेले, आणि सातव्या राउंडला बरगडीखाली एक बसला की भाऊ गुडघ्यावर. म्हणून कोणाचा व्हिडिओ आवडला की आधी बॉक्सरेकवर (बॉक्सरांच्या फाइटचे निकाल ठेवणारी वेबसाइट) जाऊन त्याचे शेवटचे चार-पाच प्रतिस्पर्धी कोण होते ते बघा, फुगवलेला रेकॉर्ड तिथे लगेच उघडा पडतो.

प्रमोटरमध्ये एडी हर्नकडून शिकण्यासारखं आहे. फॅन्सनी त्याचे इंटरव्ह्यू कापून ‘नो कॉन्टेक्स्ट हर्न’ नावाचं टिंगल करणारं अकाउंट काढलं, ह्याने चिडायच्या ऐवजी तीच मजा उचलून धरली आणि फुकटात पब्लिसिटी घेतली. तुम्ही त्याला शिव्या घालत असाल तरी त्याचंच नाव पसरवताय एवढं लक्षात ठेवा.

बॉक्सरला मेसेज करायचाच असेल तर बिनधास्त करा, पण ‘ब्रो रिप्लाय दे’ असलं नको. नेमकं काहीतरी विचारा, आणि फाइटच्या आठवड्यात नको, तेव्हा तो वजन उतरवत उपाशी असतो, डोकं ठिकाणावर नसतं. आणि घाण बोलू तर अजिबातच नका. 2013 मध्ये कर्टिस वुडहाऊस, हा आधी फुटबॉलर होता, फाइट हरल्यावर ट्विटरवर एक जण सतत त्रास देत होता म्हणून गाडी काढून थेट शेफील्डला त्याच्या गल्लीत पोचला आणि गल्लीचा फोटो टाकला. समोरच्याची सगळी मस्ती उतरली, लगेच माफी मागून मोकळा.

मेसेजचा खरा फायदा लहान शोला. इंग्लंडमध्ये, म्हणजे लंडनच्या यॉर्क हॉलसारख्या ठिकाणी, नवे बॉक्सर स्वतःची तिकिटं स्वतःच विकतात आणि बऱ्याचदा त्यांची कमाई त्यावरच असते. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी वेबसाइटवर घेण्यापेक्षा सरळ बॉक्सरलाच मेसेज टाकून तिकीट घ्यावं, पैसे त्याच्या खात्यात मोजले जातात आणि पुढे तो ओळख पण ठेवतो.

बाकी कमेंटमध्ये ‘फ्री लाइव्ह’ म्हणून लिंक येतात तिथे कार्ड नंबर टाकायचा नाही, बस. पोस्टरवरची तारीख तिकडची असते हे पण बघा. अमेरिकेतली शनिवार रात्रीची मेन फाइट आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठ-नऊच्या पुढे येते, इंग्लंडची पहाटे तीनच्या आसपास, आणि हिवाळ्यात दोन्ही तासभर उशिरा, त्यामुळे अलार्म त्या हिशोबाने लावा.