केनियातल्या खेड्यातली शाळा वाढवायची आहे? देणगी मागण्याआधी या चुका टाळा

किसुमू शहरातून पूर्वेकडे निघालं की कानोचं मैदान सुरू होतं. अहेरोची भातशेती, पुढे ऊस, आणि पावसात चपलेला किलो-किलोने चिकटणारी काळी माती. परभणीकडच्या माणसाला तिथे परकं वाटायला जरा वेळच लागतो. याच भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या नव्या खोल्यांसाठी आम्ही नैरोबीतल्या काही मराठी कुटुंबांनी पैसे गोळा केले. थोडे तिथेच जमले, बाकीचे पुण्यातल्या आणि ब्रिटनमधल्या नातेवाइकांनी दिले. पहिल्या खेपेच्या चुका महागात पडल्या, पुढच्या कामांत त्यातल्या बऱ्याच टाळता आल्या. आता ओळखीपाळखीतून लोक विचारतात, ‘आम्हालाही अशी एक शाळा वाढवायची आहे, सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

गरज खरी आहे, याबद्दल शंका नको. २००३ मध्ये केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि एका सत्रात वर्ग ओसंडून वाहू लागले. नवा अभ्यासक्रम आल्यावर २०२३ पासून सातवीचे वर्ग प्राथमिक शाळांच्याच आवारात भरू लागले, मग आठवी, आणि जानेवारी २०२५ मध्ये नववी. जुन्या पद्धतीत आठवीनंतर मुलं हायस्कूलला जायची. आता तीच मुलं आणखी एक वर्ष त्याच आवारात असतात, शिवाय या वरच्या वर्गांना विषयवार शिक्षक आणि प्रयोगाची जागा लागते. आंब्याच्या झाडाखाली फळा टेकवून चाललेला वर्ग पाहिला की माणूस लगेच म्हणतो, ‘दोन खोल्या बांधून देऊ.’ पहिली चूक इथेच होते.

‘खोल्या बांधून देऊ’ हे आपणच ठरवणं

आधी मुख्याध्यापक आणि शाळेच्या व्यवस्थापन मंडळाबरोबर बसा. तिथे त्याला बोर्ड म्हणतात आणि त्यात पालकांचे प्रतिनिधीही असतात. त्यांना विचारा: नव्या वर्गाला शिकवणार कोण? सरकारी शिक्षक टीचर्स सर्व्हिस कमिशन नेमतं, आणि खोली बांधली म्हणून शिक्षक येत नाही. तोवर बोर्डच एखादा शिक्षक ठेवतं आणि त्याचा पगार शेवटी पालकांच्या खिशातून जातो. मोफत प्राथमिक शिक्षणाखाली सरकार दर मुलामागे वर्षाला १,४२० शिलिंग ठरवून देतं. त्यातून खडू, वह्या, दुरुस्ती एवढंच कसंबसं भागतं, पगार निघत नाही. आमच्या पहिल्या कामात एक खोली सहा महिने कुलूपबंद राहिली, कारण हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. देणगीदाराने फोटो मागितला तेव्हा दाखवायला रिकामी खोली होती.

कधी उत्तर निराळंच निघतं. एका शाळेत बोर्डाने स्पष्ट सांगितलं, खोल्या पुरतील, पण पाणी नाही आणि मुलींच्या संडासांची दारं तुटली आहेत. तिथे आम्ही एकही खोली बांधली नाही. निधीचा सगळ्यात चांगला उपयोग तिथेच झाला, असं मला आजही वाटतं.

दुसरा प्रश्न जमिनीचा. गावातल्या अनेक शाळा कुणा कुटुंबाने किंवा चर्चने तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. देणारा गेला, मुलगे मोठे झाले, जमिनीला भाव आला, की वाद उभा राहतो. शहरात तर मैदानंच गिळली जातात. जानेवारी २०१५ मध्ये नैरोबीतल्या लांगाटा रोड प्राथमिक शाळेच्या मैदानाभोवती घातलेल्या भिंतीविरुद्ध मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. शाळेच्या नावाचा मालकीचा कागद पाहा. नसेल तर निदान मोजणी, हद्दीचे दगड आणि देणाऱ्या कुटुंबाचं लेखी संमतिपत्र हातात येईपर्यंत देणगीचं आवाहन थांबवा.

पायावर पैसे वाचवणं

याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. कानोच्या मैदानातली माती आपल्या रेगूरचीच सख्खी बहीण. तिथेही तिला काळ्या कापसाची माती असंच म्हणतात. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. मराठवाड्यातला गवंडी हे जन्मापासून जाणतो. पण देणगीच्या पैशातून काम करताना पाया कुणाला दिसत नाही, म्हणून तिथेच कात्री लागते. आमच्या पहिल्या खोलीचा पाया फुंदीने दोन फुटांवर थांबवला (फुंदी म्हणजे तिथला मिस्त्री). आम्ही होकार दिला. दुसऱ्या पावसानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर चढला.

योग्य पद्धत अशी: काळा थर पूर्ण काढून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचं. तिथे मुरूमाला ‘मरम’ म्हणतात, आणि तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग बाहेरून आणलेला मुरूम आणि दगड थराथराने, पाणी मारून धुम्मसाने ठोकत भरायचे. एकदम ओतून वरून चोपलेला भराव बसतो आणि भिंतीला सोबत घेऊन बसतो. जोत्याच्या पातळीवर आणि खिडक्यांच्या वर सलग सळईची कॉंक्रीट पट्टी घ्यायची. जोत्याभोवती उताराचा कोबा करायचा, म्हणजे छपराचं पाणी पायाशी मुरणार नाही. निलगिरी जवळ असेल तर ती खोलीपासून लांबच बरी, कारण ती मातीतलं पाणी ओढते आणि एका बाजूची माती जास्त आकसते. काळा थर फार खोल असेल तर मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून पायाचा नकाशा करून घ्या.

तडा आधीच गेला असेल तर लगेच गिलावा मारून झाकू नका. तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा, तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा पाहा. काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, भरून टाका. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. मग आधी पाणी पायापासून दूर न्या, आणि दुरुस्ती अभियंत्याला दाखवूनच करा. मुलं त्या खोलीत बसवायची की नाही, हेही तोच सांगेल. सप्टेंबर २०१९ मध्ये नैरोबीत एका शाळेची दुमजली इमारत सकाळी मुलं आत असताना कोसळली आणि लहान मुलं दगावली. ते आठवलं की पायावर वाचवलेला प्रत्येक शिलिंग मला बोचतो.

अंदाजपत्रकातून सुटणाऱ्या गोष्टी

विटा, सिमेंट आणि माबाती म्हणजे छपराचे पत्रे सगळे लिहितात. बाकं विसरतात. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, हा केनियाच्या शालेय सुरक्षेच्या नियमांतला मुद्दा मिस्त्रीला लेखी द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये काकामेगा इथल्या शाळेत जिन्यावर चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक मुलं गेली, तेव्हापासून पालकच जिने आणि दारांबद्दल विचारतात.

संडासांचा हिशेब साधा आहे. २५ मुलींमागे एक आणि ३० मुलांमागे एक. तीन खोल्यांमुळे ६० मुली आणि ६० मुलगे वाढणार असतील तर मुलींसाठी तीन आणि मुलग्यांसाठी दोन संडास त्याच निधीत धरा. ते ‘पुढच्या टप्प्यात’ ढकलले की बहुधा होत नाहीत, कारण संडासासाठी देणगी मागणं अवघड जातं. मी आता आवाहनात खोली आणि संडास यांची रक्कम वेगळी दाखवतच नाही.

आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारी तार (तडितवाहक) जवळजवळ कुणीच धरत नाही. व्हिक्टोरिया सरोवराभोवतीचा प्रदेश जगातल्या सर्वाधिक विजा पडणाऱ्या भागांपैकी आहे. जून २०११ मध्ये युगांडातल्या किर्यांडोंगो जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेवर वीज पडून १८ मुलं दगावली. खोलीच्या एकूण खर्चात त्या तारेचा भाग लहान असतो. ती धरा, आणि जमिनीतलं टोक जाणकाराकडूनच बसवून घ्या.

पन्हळी आणि टाकीही धरा. १८० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर ३,६०० लिटर पाणी येतं, गळती-उडणं वजा करून साधारण २,९०० लिटर हाती लागतं. म्हणजे ५,००० लिटरची टाकी दोन चांगल्या पावसांत भरते. पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय ठेवा.

या सगळ्यावर १० ते १५ टक्के राखीव.

पावसाचं वेळापत्रक न पाहणं

मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. वाळू-विटांचा ट्रक काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसात रुतला की आठवडाभर तसाच राहतो, आणि भाडं चालू असतं. पुढच्या वर्षी बांधायचं असेल तर निधी नोव्हेंबरपर्यंत हातात हवा, पाया जानेवारीत, आणि मार्च उजाडायच्या आत छप्पर. २०२४ च्या पुरात तर देशभरातल्या शाळा उघडणंच मे महिन्यात पुढे गेलं होतं. देणगीदारांना तारीख कळवताना महिनाभराची सूट ठेवून कळवा.

पैसा चुकीच्या वाटेने पाठवणं

भारतातून परदेशातल्या शाळेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरातली सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मिळत नाही. हे आधीच सांगा. मार्चमध्ये पावती मागणारा नाराज झाला की पुन्हा देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण बँकेच्या फॉर्मवर कारण ‘देणगी’ असंच लिहा. एका माणसाने सगळ्यांचे पैसे स्वतःच्या नावाने पाठवले आणि त्याची वर्षाची एकूण रक्कम १० लाख रुपयांवर गेली, की बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आयकर, कापते. ‘आमच्या गावच्या ट्रस्टमधून पाठवू’ ही सूचना हमखास येते. धर्मादाय ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला तर त्याची करसवलत धोक्यात येते, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. सीएला विचारल्याशिवाय ट्रस्टला यात ओढू नका. ब्रिटनमधले नातेवाईक तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत देत असतील तर गिफ्ट एड या तिथल्या करयोजनेमुळे एका पाउंडामागे २५ पेन्स जास्त मिळतात. आम्हाला हे उशिरा समजलं.

पैसा पोहोचवायचा तो शाळेच्या खात्यात, मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर नाही. एम-पेसाने (मोबाइलवरून पैसे पाठवायची तिथली सेवा) भागातले लोक चटकन देतात, पण क्रमांक शाळेच्या खात्याशी जोडलेला पेबिल, म्हणजे संस्थेच्या नावाचा क्रमांक, असावा. व्यक्तीच्या नंबरवर गेलेल्या पैशाचा हिशेब कितीही चोख असला तरी गावात कुजबूज सुरू होते, आणि त्यात भरडला जातो तो प्रामाणिक मुख्याध्यापक. खात्यावर दोन सह्या, आणि मिस्त्रीला टप्प्याटप्प्याने पैसे: पाया, जोतं, पट्टी, छप्पर. शेवटचे १० टक्के एक पावसाळा गेल्यावर.

गावाला प्रेक्षक ठेवणं

केनियात ‘हरांबे’ हा शब्द राष्ट्रचिन्हावर आहे. अर्थ साधारण ‘सगळे मिळून ओढा’. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी तो हाक म्हणून वापरला आणि गावोगावच्या लोकांनी वर्गणीतून हायस्कुलं उभारली. ज्यांचा हा वारसा आहे त्यांना फीत कापताना टाळ्या वाजवायला बसवू नका. वाळू, दगड, पाणी, खणकाम यांत गावाचा वाटा किती, ते आवाहनातच लिहा. आपल्याकडे शाळेसाठी श्रमदान झालेल्या गावात त्या भिंतीवर कुणी कोळशाने लिहीत नाही, तेच तिथे पाहिलं.

फोटोंचंही तसंच. फाटक्या गणवेशातलं रडवेलं मूल दाखवून पैसे लवकर जमतात, हे खरं आहे. पण ते मूल उद्या मोठं होऊन तो फोटो पाहणार आहे. पालकांच्या संमतीशिवाय चेहरा नको. नाव, शाळा आणि गाव एकत्र तर कधीच नको. पाया खणणाऱ्या बायका, नवा फळा, भरलेली टाकी हे पुष्कळ आहे. आमच्या देणगीदारांना सगळ्यात आवडला तो मिस्त्रीच्या हातातल्या ओळंब्याचा फोटो.

पैसे अर्ध्यावर संपले तर

हे होतं. सिमेंट महागतं, शिलिंगचा दर हलतो, एखादा देणगीदार शब्द मागे घेतो. तीन खोल्या अर्धवट ठेवण्यापेक्षा एक पूर्ण करा, छपरासकट. हा निर्णय बोर्डाच्या बैठकीत घ्या आणि त्याच आठवड्यात देणगीदारांना कळवा: किती आले, कशावर गेले, काय उरलं, किती कमी पडतात. पावत्यांचे फोटो जोडा. गप्प राहून तीन महिन्यांनी पुन्हा मागायला गेलात तर कुणी देत नाही. वेळेवर सांगितलं तेव्हा आमच्या निम्म्याहून अधिक देणगीदारांनी पुन्हा हात पुढे केला.

उरलेल्या दोन खोल्यांची काळजी लगेच घ्या. पट्टीपर्यंत आलेल्या भिंतींच्या माथ्यावर जाड प्लास्टिक अंथरून वर विटा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी जोडांत शिरणार नाही. उघड्या सळयांना सिमेंटचा घट्ट घोळ फासा, उरलेलं सिमेंट फळ्यांवर रचून ठेवा आणि पावसाआधी गावातल्याच दुसऱ्या कामाला देऊन टाका, कारण ते पावसाळाभर टिकत नाही. आणि पायाच्या खड्ड्यांत पाणी साचत असेल तर कुंपण घाला, मुलं तिथेच खेळतात.