परदेशातून महाराष्ट्रातल्या घराची वीजमीटरची ठेव परत कशी मिळवावी

परदेशात स्थायिक झालेली अनेक कुटुंबे पुण्यातली किंवा नाशिकमधली सदनिका विकताना किमतीची बोलणी बारकाईने करतात, पण महावितरणच्या बिलावर छापलेल्या सुरक्षा ठेवीच्या आकड्याकडे त्यांचे लक्ष जात नाही. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार मासिक बिल येणाऱ्या ग्राहकाकडून सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव घेता येते. म्हणजे महिन्याला सरासरी ३,००० रुपयांचे बिल असेल तर ठेव ६,००० रुपयांच्या घरात जाते. हे पैसे तुमचे आहेत. वीज कायदा, २००३ च्या कलम ४७ नुसार या ठेवीवर व्याज मिळते आणि ज्या व्यक्तीने ती दिली तिने मागणी केल्यावर ती परत करावी लागते.

‘ज्या व्यक्तीने दिली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून सुरुवात बिलावरचे नाव पाहण्यापासून करावी. बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी असेल तर महावितरणच्या संकेतस्थळावर परदेशात बसूनही बिल पाहता येते. घर वारसाहक्काने तुमच्याकडे आले असले तरी बिल अजून वडिलांच्याच नावाने येत असते, असे पुष्कळ घरांत आढळते. तसे असेल तर मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे आणि इतर वारसांची संमती जोडून आधी नावबदल करून घ्यावा. जुन्या पावत्यांवर दिसणारी ठेव बिलावरच्या आकड्यात धरलेली नसेल, तर त्यांच्या प्रती देऊन नोंदीतली दुरुस्तीही याच वेळी मागावी.

पुढचा निर्णय सर्वांत मोलाचा आहे: जोडणी कायमची बंद करायची की खरेदीदाराच्या नावावर करायची? घर विकत असाल तर बंद करण्याच्या वाटेला सहसा जाऊ नये, कारण खरेदीदाराला नवी जोडणी घेण्याचा खर्च आणि त्रास पडतो आणि त्यावरून व्यवहारात कटुता येते. त्याऐवजी साठेखतातच असे कलम घालावे की वीजजोडणी ठेवीसह खरेदीदाराच्या नावे होईल आणि बिलावर दिसणाऱ्या ठेवीइतकी रक्कम तो विक्री किमतीव्यतिरिक्त देईल. ती रक्कम खरेदीखताच्या दिवशीच घ्यावी आणि ती हाती आल्यावरच ठेव वर्ग करण्याच्या संमतिपत्रावर सही करावी. खरेदीखत झाल्यावर किल्ल्या गेलेल्या असतात, तुम्ही विमानात बसलेले असता आणि काही हजारांसाठी पाठपुरावा करणे जिवावर येते. माझ्या मते बहुतेकांची ठेव याच टप्प्यावर हातची जाते.

जोडणी कायमची बंद करण्याची वेळ मुख्यतः इमारत पुनर्विकासाला गेल्यावर किंवा घर पाडताना येते. तेव्हा संबंधित उपविभागीय कार्यालयात ‘कायमस्वरूपी वीजपुरवठा खंडित’ करण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याच अर्जात ठेवीच्या परताव्याची मागणी बँक तपशिलासह करावी. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेण्यास विसरू नये. मीटर काढण्यापूर्वी शेवटच्या रीडिंगचे छायाचित्र काढावे, कारण अंतिम बिल त्यावरच ठरते आणि ठेवीतून थकबाकी वजा होऊनच उरलेली रक्कम मिळते. विकासकाच्या माणसांनी परस्पर मीटर काढून नेले तर हा पुरावा राहत नाही.

हे काम भारतातला नातेवाईक करणार असेल, तर त्याला सर्व मालमत्तेचे कुलमुखत्यारपत्र देण्याची गरज नाही; ग्राहक क्रमांक नमूद करून केवळ वीजजोडणीसंबंधीच्या कामांपुरते विशेष मुखत्यारपत्र पुरते आणि तेच अधिक सुरक्षित आहे. अमेरिका किंवा ब्रिटनसारख्या अपोस्टिल करारातील देशांत ते नोटरीकडून करून त्यावर अपोस्टिल (कागदपत्र खरे असल्याचे त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचे प्रमाणपत्र) घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशांत भारतीय वकिलातीतून साक्षांकित करावे. असे पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

परतावा रुपयांत मिळतो, म्हणून अर्जात एनआरओ खात्याचा (अनिवासी भारतीयांच्या भारतातील रुपयांच्या खात्याचा) तपशील द्यावा. अनिवासी झाल्यावरही जुने साधे बचत खाते तसेच चालू ठेवले असेल, तर ते आधी एनआरओ करून घेणे नियमाने आवश्यक आहे. खात्यावरचे आणि बिलावरचे नाव अक्षरशः सारखे असावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांनी हे विशेष तपासावे. पाइपने येणाऱ्या गॅसची ठेव वेगळी असते आणि तिच्यासाठी गॅस कंपनीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

पैसे आले नाहीत तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा. तरीही दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी तक्रार करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर त्यानंतर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत.