पोलीस दारात, वॉरंट नाही: घरझडतीच्या वेळी काय करायचं

मी पोलीस ठाण्यात रायटर होतो. झडतीचे पंचनामे लिहिता लिहिताच नोकरी सरली. दार उघडणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं, "वॉरंट दाखवा." त्यावर साहेबांचं उत्तरही ठरलेलं, "लागत नाही." साहेब खोटं बोलत नसत, पण अर्धंच सांगत. उरलेलं अर्धं घरवाल्याला माहीत असावं म्हणून हे लिहितोय.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. वॉरंटशिवाय झडती पूर्वी कलम १६५ खाली व्हायची, आता १८५ खाली होते. अट अशी, की तपासाला लागणारी वस्तू त्या घरात असावी असं मानायला सबळ कारण हवं, आणि वॉरंट काढण्यात वगैरे वेळ घालवला तर ती वेळेत हाती लागणार नाही अशी परिस्थिती हवी. आणि ही कारणं, शक्य तितकी त्या वस्तूच्या वर्णनासह, केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीत, आधी लिहायची. आधी! झडती उरकून ठाण्यात चहा घेताना नव्हे. सगळी मेख इथेच आहे.

आता 'तातडी' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, त्या सोडवून घ्या. समजा, तुमच्या फ्लॅटमधून बाईच्या किंचाळण्याचा आवाज आला आणि शेजाऱ्याने ११२ ला फोन केला. पोलीस आत येणारच. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते असा गुन्हा, रोखणं हे त्यांचं कामच आहे (कलम १६८), आणि त्या वेळी कागद मागत उंबऱ्यावर अडवून धरणं शहाणपणाचं नाही. अटक करायचा माणूस तुमच्या घरात शिरलाय असं मानायला कारण असेल तरी ते येऊ शकतात; ओळख सांगून, आत येऊ द्या म्हणूनही दार उघडलं नाही तर तोडूही शकतात (कलम ४४). पण माणूस सापडला, बाई सुखरूप दिसली, की ते काम संपलं. टेबलावर उघडी तलवार दिसली तर ती उचलतील, ते ठीक. त्यानंतर कपाटाचे खण उघडायचे, गादी उचकायची, म्हणजे झडती. तिथून पुढे १८५ चे नियम लागू. तेव्हा आवाज न चढवता विचारा, "साहेब, आता झडती घेताय का? कशाची?"

दारातच तीन गोष्टी विचारून कॅलेंडरच्या मागे का होईना, लिहून ठेवा: तपासी अंमलदार कोण, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) किती, आणि काय शोधताय. साध्या वेशातली माणसं असतील तर ओळखपत्र बघा आणि ११२ वर किंवा ठाण्याला फोन करून खात्री करा; तोतया पोलीस हल्ली काही कमी नाहीत. तपासी अंमलदार स्वतः न येता हाताखालच्या माणसाला पाठवत असेल, तर त्या माणसाच्या हातात जागा आणि वस्तू नमूद केलेला लेखी आदेश हवा. तो बघायला मागा.

अडवायचं का? १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान राज्य विरुद्ध रहमान या खटल्यात, कारणं न नोंदवता आलेल्या अधिकाऱ्यांना अडवणारा माणूस दोषी नाही, असं ठरवलं. निकाल छान आहे, पण केस डायरीत काय लिहिलंय हे तुम्हाला दारात उभं राहून कळत नाही. आणि धक्काबुक्की झाली की सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम, दंड संहितेचं जुनं ३५३, आताचं भारतीय न्याय संहितेचं १३२, तुमच्यावर लागतं. मूळ गुन्हा राहतो बाजूला आणि तुम्ही जामिनाच्या मागे. म्हणून तोंडाने स्पष्ट सांगायचं, "माझी संमती नाही, पण मी अडवत नाही." बास.

आत आल्यावर कलम १०३. परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच झडतीच्या आधी बोलवायचे असतात. पोलिसांच्याच गाडीतून उतरलेले पंच दिसले तर त्यांची नावं, पत्ते विचारून घ्या; सोसायटीतले दोघे समोर उभे असताना बाहेरचे का आणले, हा प्रश्न पुढे कोर्टात फार उपयोगी पडतो. "तुम्ही सगळे बाहेर थांबा" हे चालत नाही. घरातल्या माणसाला किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी हजर राहू द्यावंच लागतं. एका वेळी एकच खोली बघा, अशी विनंती करा. घरातल्या स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीनेच घ्यायची, तीही सभ्यता राखून. झडती सुरू होण्यापूर्वी पोलीस आणि पंच स्वतःची अंगझडती घरवाल्याला देतात, अशी रीत आहे. पंचनाम्यात ते वाक्य मी डोळे मिटून लिहीत असे. पण ती खरंच मागणारे घरवाले क्वचित भेटले. मागा.

झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे, कलम १०५. मोबाइलवर चालतं, पण ते वस्तूंची यादी आणि पंचांच्या सह्यांपर्यंत व्हायला हवं. घरात तुमचा कॅमेरा असेल तर तोही चालू राहू द्या.

पंचनामा मात्र सावकाश वाचा. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ आहे का? 'एक काळा मोबाइल' एवढंच लिहिलं असेल तर कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) घालायला सांगा. वस्तू कुठे सापडली, कपाटाच्या कुठल्या खणात, ते हवंच. रोकड असेल तर नोटा तुमच्यासमोर मोजून किती रुपयांच्या किती, हे लिहून घ्या. मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये चार ओळींची मोकळी जागा दिसली तर तिथे रेघ मारायला सांगा. मोकळी जागा पुढे भरते, हे मी सांगायला नको. कोऱ्या कागदावर सही मुळीच नाही. पंचनाम्यावर सही घेतली तर हरकत तिच्या वरच लिहा. पंचांच्या सह्या असलेल्या यादीची प्रत हा तुमचा हक्क आहे, "नंतर ठाण्यात या" हे उत्तर नव्हे.

अमली पदार्थांच्या कायद्याचं गणित थोडं वेगळं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वॉरंटशिवाय शिरायचं तर, वॉरंट आणेपर्यंत माल लपवला जाईल किंवा माणूस पळेल असं का वाटतं, ते कलम ४२ प्रमाणे नोंदवावं लागतं आणि ७२ तासांत वरिष्ठाला कळवावं लागतं. इतर गुन्ह्यांच्या झडतीला रात्रीची अशी बंदी नाही. बाईला रात्री अटक करायची नाही हा नियम अटकेचा, लोक तो झडतीला लावून हुज्जत घालतात.

झडती बेकायदा निघाली तर सापडलेला पुरावा आपोआप बाद होतो, हा गैरसमज काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या पूरनमल निकालापासून आपल्याकडे तसं नाही. पण ढिसाळ पंचनाम्यावर कोर्टाचा विश्वास बसत नाही, आणि चांगला वकील तिथेच बोट ठेवतो. त्यासाठी त्याच्या हातात कागद हवेत.

सगळ्यात महत्त्वाचा कागद कुणी मागतच नाही. झडतीची जी कारणं लिहिली, त्यांची प्रत पोलिसांनी ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते, आणि घरमालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की ती फुकट मिळते. भाडेकरूलाही. अर्ज चार ओळींचा: "अमुक तारखेला अमुक वेळी माझ्या राहत्या घराची अमुक पोलीस ठाण्याने गु.र.नं. अमुकमध्ये झडती घेतली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १८५ (५) प्रमाणे त्या नोंदींची प्रत मिळावी." सोबत पंचनाम्याची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. जप्त मुद्देमाल परत हवा असेल तर त्याचा अर्ज वेगळा, त्याच कोर्टात. पोलिसांच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, नाहीतर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. तिथे पहिला प्रश्न येईल, कागद काय आहेत?