अक्कलदाढ ऑपरेशन करून काढायची असेल तर

परभणीत दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करता करता माझी बरीच वर्षं गेली. दाढ काढून घरी गेलेल्या पेशंटचा फोन आला की तो आधी मीच उचलते. त्रासाचे बहुतेक फोन एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून गेलेली असते.

म्हणून आधी ही गाठ समजून घ्या. दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खड्डा राहतो. तो रक्तानं भरतो, रक्त गोठतं, आणि खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरते तशी ही गाठ खालच्या उघड्या हाडावर झाकण धरते. गुडघा कोरडा ठेवता येतो, तोंड ठेवता येत नाही. जीभ सारखी तिथंच जाते, घास तिथंच अडकतो. गाठ निसटली की हाड उघडं पडतं. याला डॉक्टर ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. दोन-तीन दिवस बरं वाटत असतं आणि मग एकाएकी ठणका सुरू होतो, पार कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो, साध्या गोळीला दाद देत नाही. खाली जे सांगते आहे, त्यातलं बरंचसं ही गाठ जपण्यासाठीच आहे.

साधी दाढ चिमट्यानं हलवून निघते. ऑपरेशनच्या दाढेला हिरडीला चिरा द्यावा लागतो, थोडं हाड घासावं लागतं, कधी दाढेचे तुकडे करून एकेक काढावा लागतो, आणि शेवटी टाके. अक्कलदाढ आडवी रुतलेली असली की बहुतेक वेळा हाच मार्ग असतो. त्याआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. तो डॉक्टरांकडून समजून घ्या. खालच्या जबड्यातून एक नस जाते, तिच्यामुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो. दाढेचं मूळ त्या नसेच्या किती जवळ आहे, हे आधी विचारलेलं चांगलं. विचारलं म्हणून डॉक्टर रागावत नाहीत.

सांगायचं ते सगळं सांगा

बीपी, शुगर, दमा, फिट, कावीळ, किडनीचा आजार, कुठल्या गोळीची ॲलर्जी, पोटात बाळ असेल तर तेही. स्टेंट टाकलेल्या किंवा झडपेचं ऑपरेशन झालेल्या माणसानं तर सगळ्यात आधी सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. ‘दाढ काढायची ना, मग दोन दिवस गोळी सोड’ असं शेजारी सांगतात. ते ऐकू नका. बंद करायची की नाही, हे दातांचे डॉक्टर तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात. बऱ्याचदा गोळी चालू ठेवूनच दाढ निघते. हाडं ठिसूळ होतात म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी घेत असाल, किंवा तोंडाच्या-गळ्याच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेतला असेल, तर कितीही वर्षं झाली असली तरी सांगा. अशा माणसाचं जबड्याचं हाड लवकर भरत नाही. नावं आठवत नसतील तर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. आम्ही बघून घेतो.

आणि मिश्री. घरच्या माणसांसमोर विचारलं की बाया मान हलवून ‘नाही’ म्हणतात. मी मग बीपी बघायच्या निमित्तानं एकटीला आत घेते, दार लोटते आणि पुन्हा विचारते. कमरेच्या पिशवीतून बोटाएवढी डबी निघते. ‘दोनदाच लावते माय, सकाळी अन् झोपताना.’ मायबाई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. ती हिरडीचा रक्तपुरवठा कमी करते, जखम भरू देत नाही, आणि बोटानं घासताना गाठ ओरबाडून निघते ती वेगळीच. तंबाखू, बिडी, गुटखा, सगळ्याचं तेच. राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी लागतेच लोकांना. गुटखा खाणाऱ्यानं घरीच आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघावं. जात नसतील तर तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण तोंड उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचायचं कसं? आणि हे तोंड न उघडणं स्वतःच तपासून घेण्यासारखं दुखणं आहे, कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. ऑपरेशनच्या आधी जितके दिवस जमेल तितके व्यसन बंद ठेवा. नंतर निदान टाके निघेपर्यंत तरी डबीला हात लावू नका. तेवढ्यात कायमचीच सुटली तर सोन्याहून पिवळं.

तारीख आणि घरची तयारी

पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी या दिवसांत तारीख घेऊ नका. तीन-चार दिवस वाकून काम करायचं नाही, ओझं उचलायचं नाही, उन्हात राबायचं नाही. सुगीत हे कुणालाच जमत नाही. एकादशी, चतुर्थी, नवरात्र हेही टाळा. उपाशीपोटी खुर्चीत बसलेलं माणूस चक्कर येऊन पडतं, आणि दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेतली तर पोटात आग पडते. वेळ सकाळची मागा. संध्याकाळी काढली आणि रात्री रक्त वाहायला लागलं तर जाणार कुठं? जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडून येणाऱ्यांना मी सांगते, जमलं तर पहिली रात्र शहरातच पाहुण्यांकडे काढा. सोबत एक माणूस हवंच. स्वतः मोटारसायकल हाणत जायचं नाही.

पैशाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, 1982 पासूनचं. तिथं अशा दाढा रोजच्या रोज निघतात. रांग असते, सकाळी लवकर पोचा.

आदल्या दिवशी आंबिलासाठी ज्वारीचं पीठ आंबवायला ठेवा. मऊ भाताची, वरणाची सोय बघा. प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत पाणी भरून बर्फ करा. उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बर्फ कुठं मिळतो तेही बघून ठेवा. मेडिकलमधून निर्जंतुक गॉजचं, म्हणजे जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाचं, पाकीट आणा.

त्या दिवशी ब्रश करून, पोटभर जेवून, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन या. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र उलट, सहा तास आधीपासून काही खायचं नाही. तेव्हा शुगरच्या गोळीचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. दवाखान्यात बीपी जास्त निघालं तर डॉक्टर तारीख पुढं ढकलतात. चिडू नका, ते तुमच्याच भल्यासाठी असतं. भुलीचं इंजेक्शन टोचलेलं कळतं, मिनिटभर छाती धडधडू शकते, औषधातल्या ॲड्रेनॅलिनमुळे तसं होतं. त्यानंतर दाब कळतो, ओढ कळते, मशीनचा आवाज कानात घुमतो, पण दुखायला नको. दुखलं तर डावा हात वर करा, आणखी भूल देता येते.

पहिले चोवीस तास

टाके घातले की डॉक्टर गॉजची घडी खड्ड्यावर ठेवतात. ती दातांनी घट्ट दाबून धरायची, पाऊण तास. चावत बसायचं नाही, ‘रक्त थांबलं का’ म्हणून दर पाच मिनिटांनी काढून बघायचं नाही. घडी उचलली की तिला चिकटलेलं रक्त उचकटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. लाळ गिळायची. आपल्याकडे थुंकायची सवय फार, आणि नेमकी तीच इथं नडते. थुंकताना तोंडात ओढ बसते आणि गाठ उपटून येते. रक्त पोटात गेलं तर काही होत नाही. दिवसभर लाळ गुलाबी येते, ती पाहून घाबरू नका. थोडं रक्त आणि पुष्कळ लाळ असते ती. तोंड भरून लाल रक्त येत असेल तर नवी घडी ओली करून पिळा, नेमकी खड्ड्यावर ठेवा, ताठ बसून अर्धा तास दाबा. तरीही वाहतच राहिलं तर दवाखाना गाठा.

त्या दिवशी चूळ भरायची नाही. स्ट्रॉनं पिऊ नका. आंबा चोखायचा नाही, ऊस तर लांबच. आणि बायांना खास सांगते: चुलीपुढं बसून फुंकणी फुंकायची नाही. फुंकण्याचा जोर तोंडातच लागतो, वरून जाळाची धग. दोन-तीन दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा. घरच्या पुरुषांनी हे वाचत असाल तर तुमच्यासाठीच लिहिलं आहे. वरची दाढ काढली असेल तर जोरात नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. वरच्या दाढेच्या मुळाशी नाकाला जोडलेली सायनसची पोकळी असते.

गालावर बाहेरून बर्फ, कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तेवढाच वेळ काढा. पहिल्या दिवशी गरम विटेचा शेक किंवा बाम नको, त्यानं रक्त सुटतं. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा पिऊ नका, भाजलेलं कळत नाही.

दुखण्याची गोळी बधिरपणा उतरायच्या आत घ्या. ठणका चढल्यावर घेतली तर उशीर होतो. लिहून दिली तीच घ्या. किडनीचा त्रास, अल्सर किंवा दमा असणाऱ्याला आयब्युप्रोफेनसारखी गोळी बाधू शकते, म्हणून शेजारच्याची गोळी मागून खाऊ नका. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतंच असं नाही. दिलं असेल तर पुरं करा. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद. आणि खड्ड्यात लवंग, हळद, चुना, कुटलेली गोळी, काही म्हणजे काही भरू नका. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल डॉक्टर ड्राय सॉकेटच्या पट्टीत वापरतात, हे खरं. ते स्वच्छ केलेल्या खड्ड्यात, मापानं. घरी ओतलेलं तेल हिरडी भाजतं.

दुसऱ्या दिवसापासून

पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. टँकरचं किंवा बोअरचं कच्चं पाणी नको. घोट तोंडात घेऊन मान हळूच या बाजूला, त्या बाजूला कलवा आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्या. खळखळून चूळ नाही. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, आठवडाभर तरी. बाकीचे दात ब्रशनं घासा, टाक्यांची जागा सोडून.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. गालावर निळसर-पिवळा डाग येतो, तोंड कमी उघडतं. तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक घ्या आणि सोसेल तेवढं तोंड उघडायचा सराव करा. खड्ड्यात पांढरट पापुद्रा दिसतो, तो पू नाही, जखम भरते आहे. काडीनं कोरू नका.

खाण्याचं सांगते. पहिल्या दिवशी गार आंबील, ताक, दूध, पातळ गार वरण. मग मऊ भात, केळं, दुधात भिजवून कुस्करलेली भाकरी. आंबील गाळून घ्या. ज्वारीच्या कण्या आठवडाभर नको, त्या बारीक असतात आणि बरोबर टाक्याखाली जाऊन बसतात. शेंगदाण्याची, कारळाची, तिळाची चटणीही त्याच कारणानं नको. ठेच्याचं तर नावच काढू नका. हुरड्याचे दिवस असतील तर या वर्षीचा हुरडा लेकरांना खाऊ द्या.

सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप 101 च्या वर असेल, पू येत असेल, किंवा तो कानापर्यंतचा ठणका सुरू झाला असेल, तर वाट बघू नका. ड्राय सॉकेट असेल तर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, त्यानं लवकर आराम पडतो. हनुवटीखाली गळ्याकडे सूज पसरली, गिळता येईना, श्वास लागला, तर दातांच्या दवाखान्याचा विचार न करता थेट 108 ला फोन करा.

रेशमाचे टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे आपोआप जातात. लोंबणारा धागा ओढू नका. टाके काढायला येताना ओठ, हनुवटी, जीभ यांत अजून बधिरपणा असेल तर आवर्जून सांगा. बहुतेकांचा हळूहळू जातो, पण त्याची नोंद पहिल्याच भेटीत व्हायला हवी. हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तोवर त्या बाजूला घास अडकेल, जेवणानंतर मिठाच्या पाण्यानं धुऊन टाकायचा. मधेच हाडाची बारीक कणी हिरडीतून टोचायला लागली तर नखानं उपटू नका, दवाखान्यात या, बहुधा चिमट्यानं सहज निघते.