रिव्हर बुशविलोचं रोप का जगत नाही? या चुका टाळा

जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडे घर घेतलं, अंगणात चार इथलीच झाडं लावायची ठरवलं, की रिव्हर बुशविलोचं नाव हमखास पुढे येतं. शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम एरिथ्रोफिलम, झुलू भाषेत उम्दुबू. दक्षिण आफ्रिकेत देशी झाडांना क्रमांक दिलेले आहेत, त्यात याचा क्रमांक 536. नदी-ओढ्याच्या काठाने वाढणारं, दहा-बारा मीटरपर्यंत जाणारं, गार सावलीचं झाड. हिवाळ्याच्या तोंडावर पानं तांबडी-पिवळी होऊन गळतात. आपले ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा याच कुळातले, त्यामुळे मराठी माणसाला ते फारसं परकं वाटत नाही.

‘लावायला सोपं, वाढायला झटपट’ अशी याची ख्याती आहे आणि ती खरीच आहे. जागा मानवली तर वर्षाला मीटरभर सहज वाढतं. तरी तक्रारी ठरलेल्या: बी उगवलंच नाही, रोप पहिल्या थंडीत गेलं, पानं पिवळी पडली. माझ्या मते यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच ठिकाणी सापडतं. एक, बी कुठून उचललं. दोन, कॅलेंडर कुठलं वापरलं.

झाडाखाली पडलेलं बी वेचणं

बुशविलोचं फळ एकदा पाहिलं की विसरायला होत नाही. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं, चार बाजूंना कागदासारखे चार पंख. कोवळं असताना हिरवट, वाळलं की मधाच्या रंगाचं. घोसाने लागतं आणि कितीतरी दिवस फांदीलाच राहतं. खाली पडलेला ढीग दिसला की हात आपोआप तिकडे जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. या फळांना किडा लागण्याचं प्रमाण बरंच असतं. आत अळी बी खाऊन मोकळी झालेली असते, बाहेरून फळ अगदी धडधाकट. नीट पाहिलंत तर दोन पंखांच्या मध्ये टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसेल. खाली पडलेल्यांत अशी पोकळ फळं जास्त मिळतात, म्हणून फळ झाडावरूनच तोडावं: पूर्ण वाळलेलं, पण अजून घोसाला असलेलं.

तोडल्यावरही सगळं पेरू नका. आठ-दहा फळं बाजूला काढा आणि नेलकटरने किंवा बागेच्या कात्रीने मधोमध कापा. आत घट्ट, भरलेला गर दिसला तर माल चांगला. तपकिरी भुकटी किंवा नुसती पोकळी निघाली तर दुसरं झाड शोधा. निम्मी भरलेली असतील तर दुप्पट पेरा, हिशोब सोपा आहे.

‘पाण्यात टाका, तरंगेल ते फेका’ ही घरोघरची परीक्षा इथे जशीच्या तशी चालत नाही. पंखांसकट टाकलं तर चांगलं फळही तरंगतं. आधी पंख चुरगळून काढा, मग रात्रभर भिजत घाला. भिजवल्याने बी लवकर फुगतं.

गोळा केलेलं बी कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि बुरशी येते. वर्ष-वर्ष साठवूनही ठेवू नका. ताज्या बियाला तोड नाही.

आणखी एक गोष्ट, ही गमतीची वाटली तरी गमतीची नाही. हे बी विषारी मानलं जातं. खाल्ल्यावर उचकी लागते असं इथले लोक सांगतात. याच वंशातल्या एका झाडाला इंग्रजीत ‘हिकप नट’च म्हणतात. फोडलं की जिभेवर ठेवून बघायची सवय असेल तर आवरा, आणि लहान मुलं व कुत्री असतील तर फळांचा सडा वेळच्या वेळी झाडून टाका.

मृगाच्या भरवशावर राहणं

झाड लावायचं म्हणजे जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. हायवेल्डवर, म्हणजे जोहान्सबर्गच्या या उंच पठारावर, जून म्हणजे कडाक्याची थंडी आणि कोरडा ठणठणीत वारा. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,750 मीटरवर आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी एखाद्या पहाटे दव गोठलं की वर्तमानपत्रात फोटो येतो. इथे हिवाळ्यात हिरवळ पांढरी झालेली दिसणं नेहमीचंच. पाऊस साधारण ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे आपल्या हिशोबाच्या बरोबर उलटं.

म्हणून बी सप्टेंबरमध्ये, थंडी ओसरल्यावर टाकावं. तयार रोप जमिनीत लावायचं असेल तरी वसंत ऋतूच धरा. इथला वृक्षारोपणाचा सप्ताहही 1 ते 7 सप्टेंबर असतो, तो उगाच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या झाडाला अख्खा पावसाळा मिळतो आणि मे उजाडेपर्यंत मुळं खोल गेलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये लावलेलं रोप जेमतेम रुजतंय तोवर थंडी येऊन गाठते. मोठा बुशविलो थंडीला भीक घालत नाही. कोवळं रोप मात्र पहिल्या हिवाळ्यात जपावं लागतं. संध्याकाळी वरून गोणपाट टाका, सकाळी काढा.

उन्हाच्या दिशेचाही असाच घोळ होतो. महाराष्ट्रात हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून घराची दक्षिण बाजू उबदार. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. सवयीने रोप घराच्या दक्षिणेला लावलंत तर जून-जुलैत ते दिवसभर भिंतीच्या सावलीत राहील, आणि गोठलेलं दव दुपारपर्यंत वितळणार नाही. कुंड्याही हिवाळ्यात उत्तरेच्या भिंतीला सरकवा. वर्षानुवर्षं इथे राहणारी माणसंही हे विसरतात. वास्तुशास्त्राचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं; रोपाला ऊन उत्तरेकडूनच मिळणार.

पेरताना होणाऱ्या बारीक-सारीक चुका

खोल पेरू नका. बी जेमतेम झाकलं जाईल एवढीच माती वर हवी. नदीची वाळू आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट एकत्र करून ट्रे भरा. कच्चं शेणखत घातलं की बुरशी आलीच. रोपं उगवतात आणि बुंध्याशी कुजून एका रात्रीत आडवी होतात. पाणी झारीने, सकाळी. माती ओलसर हवी, चिखल नको. ताजं बी असेल तर आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. महिना गेला आणि काहीच वर आलं नाही तर एक-दोन बिया उकरून बघा. बहुधा कुजलेल्या किंवा रिकाम्याच निघतील.

पहिली खरी पानं फुटली की रोपं उचलायला उशीर करू नका. मूळ सरळ खाली जातं आणि उथळ ट्रेमध्ये तळाशी आपटून वळायला लागतं. वळलेलं मूळ पुढे जमिनीतही वळलेलंच राहतं, आणि असं झाड तीन-चार वर्षांनी जोराच्या वाऱ्यात कलतं. उथळ कुंडी दिसायला छान असेल, पण इथे उंच, खोल पिशवीच हवी. नर्सरीतून रोप घेणार असाल तर उंचीला भुलू नका. पिशवीच्या तळाच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील तर शेजारचं लहान रोप उचला.

फांदी खोचून वाट बघणं

नावात विलो असला तरी खऱ्या विलोशी याचं नातं नाही. विलोची फांदी पाण्यात ठेवली तरी मुळं धरते. शेवगा, पांगारा खोचून जगवलेल्या माणसाला हे झाडही तसंच वागेल असं वाटतं, पण ते त्या भरवशाचं नाही. बियांपासून रोप करणं सोपं असताना काड्यांच्या नादी लागू नका.

फिकट पालवीला आजार समजणं

सप्टेंबर-ऑक्टोबरात बुशविलोला नवी पालवी फुटते ती हिरवी नसते. मलईसारखी पिवळसर पांढरी, चकचकीत. लांबून बघणाऱ्याला झाड फुललंय असंच वाटतं. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, ही पानं आहेत, आणि खरी फुलं वेगळीच: बारीक, फिकट पिवळी, पटकन डोळ्यांत न भरणारी. नवीन माणूस मात्र ‘लोह कमी पडलं’ म्हणून दुकानात पळतो आणि बाटल्या ओततो. थोडे आठवडे थांबा, पानं आपणहून हिरवी होतात. भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, जुनी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर मात्र मातीकडे बघायला हवं.

हिवाळ्यातली पानगळही अशीच घाबरवते. झाड वाळलं म्हणून उपटण्याआधी नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड झोपलंय. झोपलेल्या झाडाला रोज पाणी घालणं ही हिवाळ्यातली सगळ्यात मोठी चूक. मोठ्या झाडाला या दिवसांत फारसं काही लागत नाही. नव्या रोपाला आठ-दहा दिवसांनी एकदा, दुपारच्या उन्हात पाणी द्या.

जागा आणि कात्री

नदीकाठचं झाड, म्हणून सतत पाण्यात ठेवायचं, असं नाही. पहिली दोन वर्षं आळं करून, पालापाचोळ्याचं आच्छादन घालून पाणी द्या. नंतर ते बऱ्यापैकी कोरड काढतं. घर, पाण्याची पाइपलाइन, पोहण्याचा तलाव यांपासून पाच-सहा मीटर तरी लांब लावा. पोहण्याच्या तलावाशेजारी लावलंत तर मे-जूनमध्ये जाळी घेऊन रोज पानं काढत बसावं लागेल.

या झाडाला बुंध्यापासून अनेक खोडं फुटतात आणि फांद्या खाली लोंबतात. तोच त्याचा स्वभाव. एकच उंच खोड हवं असेल तर लहानपणीच, दरवर्षी थोडं थोडं छाटत न्या. एकदम सगळ्या खालच्या फांद्या उडवल्या की बारीक खोड उन्हात उघडं पडतं आणि बुंध्यातून फुटवे आणखी जोरात येतात.

भलताच बुशविलो निवडणं

बुशविलो एकच नाही. क्रुगर नॅशनल पार्क बघून आलेल्यांना लेडवूड, म्हणजे कॉम्ब्रेटम इम्बर्बे, अंगणात हवा असतो. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि मेलेली झाडंही शतकानुशतकं उभी राहतात. दक्षिण आफ्रिकेत ते कायद्याने संरक्षित आहे. पण वाढतं गोगलगाईच्या गतीने आणि थंडी त्याला सोसत नाही. रेड बुशविलो खडकाळ, उष्ण, कोरड्या भागातला. हायवेल्डच्या थंडीत त्याचे हाल होतात. फॉरेस्ट बुशविलो दमट किनाऱ्याकडचा, डर्बनच्या बाजूला शोभतो. यांपैकी जोहान्सबर्गच्या थंडीला रिव्हर बुशविलो चांगला टिकतो. शंका असेल तर रूडपोर्टच्या वॉल्टर सिसुलू वनस्पती उद्यानात किंवा प्रिटोरियाच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक चक्कर मारा. पाटी लावलेलं झाड समोर बघून ओळख पक्की होते.

पान कुरतडलेलं दिसलं की फवारणी

बुशविलोच्या पानांवर काही देशी फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. राखाडी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचं गिनीफाउल हे त्यातलंच एक. चार पानं खाल्ली म्हणून मोठ्या झाडाचं काही बिघडत नाही. लहान रोपावर अळ्या फार झाल्या तर हाताने उचला, विषाला हात लावू नका.

खरी काळजी वेगळ्याच किड्याची. आशियातून आलेला, जेमतेम दोन मिलिमीटरचा शॉट होल बोरर भुंगा खोडात भोकं पाडून आत बुरशी सोडतो. 2018 पासून जोहान्सबर्गमध्ये त्याने मोठाल्या झाडांचं नुकसान केलं आहे, आणि बुशविलो वंशातल्या झाडांवरही तो सापडला आहे. खोडावर बॉलपेनच्या टोकाएवढी गोल भोकं आणि भोवती ओला डाग दिसला तर ते लाकूड जळणासाठी दुसरीकडे नेऊ नका. भुंगे त्यातूनच पसरतात.

पुण्याला बी नेणं

सुट्टीत घरी जाताना पिशवीत मूठभर बी टाकायचा मोह होतो. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो; भारत सरकारच्या 2003 च्या वनस्पती विलगीकरण (प्लांट क्वारंटाइन) आदेशात हे स्पष्ट आहे. किडका माल सोबत नेण्याचा धोका वेगळाच. अंगणात याच घराण्यातलं काही हवं असेल तर सह्याद्रीत कमी आहे का? ओढ्याकाठी अर्जुन लावा, त्याच्या फळालाही पंख असतात, फक्त चाराऐवजी पाच. डोंगरउतारावर धावडा, कुंपणावर उक्षी चढवा. तिथे मात्र बिनधास्त मृगावर पेरा.