कॉकपिटमधली स्पीड टेप कशी वाचायची?

सिम्युलेटरवर पहिल्यांदा बसणारा माणूस वेगाची गोल तबकडी शोधत राहतो. आजच्या प्रवासी विमानात ती समोर नसतेच. मुख्य पडद्यावर मधोमध निळं आकाश आणि तपकिरी जमीन दिसते, उजवीकडे उंचीची उभी पट्टी असते आणि डावीकडे वेगाची. हीच ‘स्पीड टेप’.

सुरुवात मधल्या खुणेपासून करा. खूण जागची हलत नाही, पट्टी तिच्यामागे सरकते. खुणेसमोर येईल तो आताचा वेग, नॉटमध्ये. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बोइंगमध्ये हा आकडा चौकटीतही दिसतो. एअरबसमध्ये पिवळ्या खुणेसमोर पट्टीवरच वाचावा लागतो. मोठे आकडे वरच्या बाजूला असतात, त्यामुळे वेग वाढला की पट्टी खाली सरकते. नवशिक्या इथे हमखास गोंधळतो.

आता खुणेतून निघणारा बाण बघा. माझ्या मते टेपवरची सर्वांत कामाची गोष्ट हीच. वेग असाच वाढत किंवा घटत राहिला, तर थोड्या वेळाने तो किती असेल हे बाणाचं टोक सांगतं: एअरबस-बोइंगमध्ये १० सेकंदांनंतरचा, लहान विमानांतल्या गार्मिन जी१००० या पडद्यांच्या यंत्रणेत ६ सेकंदांनंतरचा. समजा, उतरताना वेग १३८ हवा आहे आणि टेप १४० दाखवतेय. छानच की! पण बाणाचं टोक १२८वर असेल तर इंजिनांची ताकद आत्ताच वाढवायला हवी. नुसता आकडा वाचणाऱ्याला हे उशिरा कळतं.

मग रंग. वरचा लाल-काळा पट्टा कमाल मर्यादेचा. एअरबस ए३२०ची ती ३५० नॉट किंवा माक ०.८२ (म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८२ पट) आहे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे सरकते भाग) बाहेर काढले की हा पट्टा खाली येतो. तळाशी आधी पिवळसर पट्टी लागते आणि तिच्याखाली लाल, म्हणजे स्टॉल, पंखांची उचलण्याची ताकद सुटणं, जवळ आला. तीव्र वळणात हा लाल भाग वर चढतो, म्हणून वळताना नजर खालीही असू द्या. जांभळट-गुलाबी खूण ठरवलेल्या वेगाची. एअरबसमध्ये ती निळी दिसली, तर तो वेग वैमानिकाने स्वतः निवडलेला असतो.

टेप २६५ दाखवतेय आणि विमान ३५,००० फुटांवर माक ०.७८ने उडतंय, तर हवेतला त्याचा खरा वेग ४५०च्या आसपास असतो. टेप बिघडलेली नाही. पिटो नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब मोजते आणि तिथली हवा विरळ असते. पंखांवर हवा किती जोराने आदळतेय हेच टेपवर कळतं, म्हणून उड्डाणासाठी तोच आकडा मोलाचा. माकचा आकडा टेपच्या लगत दिसतो, जमिनीच्या हिशेबातला वेग ‘जीएस’ या अक्षरांपुढे.

एकाच टेपवर विसंबू नका. कॅप्टनची, सहवैमानिकाची आणि राखीव उपकरणावरची, अशी तीन वाचनं असतात. धावपट्टीवर ८० किंवा १०० नॉटला वैमानिक आकडा मोठ्याने उच्चारतात, तो ती पडताळण्यासाठीही. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात पिटो नळ्या बर्फाच्या स्फटिकांनी तुंबल्या, वेगाचे आकडे जुळेनात आणि ऑटोपायलट सुटला. अशा वेळी टेपच्या मागे धावायचं नसतं. विमानाचं नाक आणि इंजिनांची ताकद पुस्तिकेतल्या ठरलेल्या आकड्यांवर आणून विमान स्थिर करतात. तिन्हींपैकी कोणतं वाचन खरं, ते त्यानंतर शोधतात.